कामगार गावचा, मग कारभार परगावचा का?

दसरा जवळ आला की आष्टी तालुक्यातील कडा परिसराच्या वाड्यावस्त्यांवर आवराआवर सुरू होते. मुकादमाकडून घेतलेली उचल केव्हाच खर्ची पडलेली असते. ती फेडण्यासाठी पती-पत्नीचा ‘कोयता’ टोळीत सामील होतो आणि बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या वाटेला लागते. मागे राहतात ती कुलूपबंद घरे आणि वृद्ध आईवडील. हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले आहे.

या श्रमिकांसाठी राज्य शासनाने 2019 मध्ये लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून 10 रुपये आणि तितकाच वाटा शासनाकडून, अशी निधीची तरतूद ठरली. मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना 2021 मध्ये आखण्यात आली. ही पावले स्वागतार्हच आहेत. प्रश्न आहे तो कारभाराचा. महामंडळाचे मुख्यालय पुण्यात. कड्याच्या ऊसतोड्याने आपले गाऱ्हाणे मांडायचे तरी कोठे?

याचे उत्तर महाराष्ट्राच्याच अनुभवात आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. व्यवसायनिहाय व विभागनिहाय मंडळे, त्यांत मालक, कामगार आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी, अशी त्याची रचना. मजुरी मंडळाकडे जमा होते आणि मंडळामार्फत हमालाच्या हाती पडते. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचाराची सोय होते. 2018 मध्ये राज्यातील 36 माथाडी मंडळांचे एकच मंडळ करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा माथाडी कामगारांनी त्यास कडाडून विरोध केला. तो विरोध अकारण नव्हता. बाजारात उद्भवलेला तंटा बाजारातच मिटावा, यातच श्रमिकाचे हित असते.

ऊसतोडणीच्या बाबतीत तर स्थानिक माहितीवाचून पानही हलत नाही. कोण कोणत्या टोळीत गेला, कोणाचे मूल शाळेतून सुटले, हे गावालाच ठाऊक असते. म्हणूनच कामगारांची नोंदणी करून ओळखपत्र देण्याचे काम ग्रामसेवकांकडे सोपविले गेले. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले, तेव्हा त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढली गेल्याचे उघड झाले. हे दु:ख गावोगावी घरात दडलेले होते. ते वेळीच टिपणारी एखादी जागरूक समिती तालुक्याला असती, तर आकडा इतका फुगला असता काय?

अर्थात, स्थानिक कारभार म्हणजे स्थानिक पुढाऱ्यांची मक्तेदारी, हा आक्षेप निराधार नाही. मुकादमच समितीवर बसला तर न्याय कोणाला मिळणार? शिवाय कामगार जिल्ह्याची, कधी राज्याचीही सीमा ओलांडतो. त्यामुळे निधी आणि नियम राज्याचेच असावेत. नोंदणी, तक्रार आणि लाभाचे वाटप मात्र तालुक्यात व्हावे. समितीत कामगारांना, विशेषत: महिलांना, निम्म्या जागा असाव्यात आणि जमाखर्च ग्रामसभेत वाचला जावा.

ही ग्रामसभा कोणती, यालाही महत्त्व आहे. 26 जानेवारीच्या सभेला ऊसतोडे फडात असतात. त्यांची सभा 2 ऑक्टोबरची, गाव सोडण्यापूर्वीची. त्या दिवशी प्रत्येक टोळीची यादी, उचलीची रक्कम आणि मागे राहणाऱ्या मुलांची सोय गावासमोर मांडली गेली, तर फसवणुकीला बराच आळा बसेल.

मात्र हे केवळ शासननिर्णयाने घडणार नाही. कड्यातील शिक्षक, डॉक्टर, व्यापारी आणि सुशिक्षित तरुण यांनी त्या सभेला आवर्जून बसले पाहिजे. निरक्षर कामगाराचा अर्ज भरून देणे, ओळखपत्र मिळाले की नाही हे पाहणे, हे काम कोणाही सुजाण कुटुंबाच्या आवाक्यातले आहे. ज्यांच्या घामावर राज्याची साखर पिकते, त्यांचा कारभार त्यांच्या दाराशी असावा, ही मागणी कामगारांची एकट्याची राहता कामा नये. ती साऱ्या गावाची व्हावी.