खोक्यावरचा वाघ आणि वाटीतली साखर

शाळेची बस सातला दारात येते. पोहे करायला वेळ नाही आणि मूल नुसते दूध पीत नाही. मग वाटीत चॉकलेटी सीरिअल ओतायचे आणि वरून दूध. मूल मिनिटभरात वाटी रिकामी करते. खोक्यावर धान्याची कणसे, लोह आणि जीवनसत्त्वे यांची नावे असतात, त्यामुळे पालकांचेही समाधान होते. पण हा नाश्ता आहे की नाश्त्याच्या वेळेला दिलेला गोड खाऊ, हा प्रश्न आता सरकारांनाही पडू लागला आहे. ब्रिटनमध्ये ५ जानेवारी २०२६ पासून जास्त साखर, मीठ किंवा मेद असलेल्या ठरावीक पदार्थांच्या जाहिराती रात्री नऊच्या आधी टीव्हीवर दाखवता येत नाहीत. पैसे देऊन केलेल्या ऑनलाइन जाहिरातींना तर पूर्ण बंदी आहे. या पदार्थांच्या यादीत गोड सीरिअलही आहेत.

गंमत म्हणजे या पदार्थाचा जन्म आरोग्यासाठीच झाला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात बॅटल क्रीक या गावी डॉ. जॉन हार्वी केलॉग यांचे आरोग्यधाम होते. साधा, शाकाहारी, मसाले आणि गोड वर्ज्य असलेला आहार हा तिथला नियम. रुग्णांना पचायला हलके म्हणून १८९० च्या दशकात तिथे धान्याचे फ्लेक्स तयार झाले. डॉक्टरांचे धाकटे भाऊ विल कीथ केलॉग यांनी १९०६ मध्ये कॉर्नफ्लेक्सची स्वतंत्र कंपनी काढली. फ्लेक्समध्ये साखर घालणे डॉक्टरांना पटले नाही, पण धाकट्या भावाने ती घातली. पुढे दोघा भावांचे भांडण कोर्टात गेले.

साखरेचा खरा पूर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. पोस्ट कंपनीने शुगर क्रिस्प आणले. केलॉगने १९५२ मध्ये शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्स आणले आणि त्यांच्या खोक्यावर टोनी हा वाघ आला. १९५३ च्या शुगर स्मॅक्समध्ये तर वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर होती. तेव्हा 'शुगर' हा शब्द नावातच अभिमानाने मिरवला जाई. टीव्ही घराघरात पोहोचला होता आणि जाहिरात आता आईला नव्हे, थेट मुलाला उद्देशून केली जाऊ लागली.

याला विरोधही झाला. रॉबर्ट चोएट यांनी १९७० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ६० सीरिअलची तुलना मांडली. त्यांपैकी ४० मध्ये पोषण नावापुरतेच आहे, असे त्यांनी सांगितले. १९७८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने मुलांसाठीच्या गोड पदार्थांच्या टीव्ही जाहिरातींवर निर्बंध सुचवले. उद्योगाने जोर लावला आणि १९८० मध्ये अमेरिकी काँग्रेसने आयोगाचेच हात बांधले. पुढच्या काही वर्षांत शुगर स्मॅक्सचे हनी स्मॅक्स झाले आणि फ्रॉस्टेड फ्लेक्सच्या नावातली 'शुगर' गळली. वाटीतली साखर मात्र राहिली. २०१० ते २०२३ या काळात अमेरिकेत मुलांसाठी आलेल्या १२०० नव्या सीरिअलचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका वाढपातील साखर सुमारे ११ टक्क्यांनी, तर मेद आणि सोडियम जवळपास एक तृतीयांशाने वाढलेले आढळले. प्रथिने आणि तंतू घटले होते.

भारतात केलॉगची सीरिअल १९९४ मध्ये आली. कारखाना आपल्या तळोज्याला उभा राहिला. आपल्याकडे दूध गरम घेतात, त्यात फ्लेक्स लगेच लिबलिबीत होत. विक्री रखडली. थोड्याच काळात मुलांसाठी चॉकलेटी चोकोज बाजारात आले आणि मुलांच्या तोंडी ही चव बसली.

आता हिशेब पाहू. मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३५० किलोकॅलरी लागतात. त्याचे ५ टक्के म्हणजे सुमारे १७ ग्रॅम साखर. १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम साखर असलेले सीरिअल ३० ग्रॅम घेतले, तर ९ ग्रॅम साखर पोटात जाते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेतील निम्म्याहून जास्त. पण मूल ३० ग्रॅमवर थांबते का? येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ५ ते १२ वर्षांच्या ९१ मुलांवर प्रयोग केला. गोड सीरिअल मिळालेल्या मुलांनी सरासरी ६१ ग्रॅम खाल्ले, कमी साखरेचे मिळालेल्यांनी ३५ ग्रॅम. दुसऱ्या गटाला वरून साखर घालून घेण्याची मुभा होती, तरीही त्यांच्या पोटात निम्मीच साखर गेली. त्यांनी फळे जास्त घेतली आणि नाश्ताही आवडीने खाल्ला. 'गोड नसेल तर मूल खाणारच नाही' या समजुतीला हे चांगले उत्तर आहे.

या साखरेचा पहिला फटका दातांना बसतो. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दातांचे आवरण झिजवते. तंतू आणि प्रथिने कमी असल्याने भूकही लवकर परतते. जास्त उष्मांकांमुळे वजन वाढते. त्याहून चिवट गोष्ट म्हणजे चवीची सवय. वरून घातलेले लोह आणि जीवनसत्त्वे उपयोगी आहेत, हे खरे. पण त्यांमुळे साखर निरुपद्रवी ठरत नाही.

आपल्याकडचा वाद नेमका इथेच अडतो. पाकिटाच्या मागे साखरेचे आकडे छापणे बंधनकारक आहे, पण ते बारीक अक्षरांत असतात. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये पुढच्या बाजूला तारे देण्याचा मसुदा मांडला. त्यात तंतू किंवा भरड धान्याचे गुण साखरेच्या दोषातून वजा होतात, म्हणजे गोड सीरिअललाही बऱ्यापैकी तारे मिळू शकतात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या लेबलाविषयी तीन महिन्यांत शिफारशी मागवल्या आणि नंतर मुदत वाढवून दिली. चिलीने २०१६ मध्येच 'साखर जास्त' असा काळा अष्टकोन सक्तीचा केला आणि अशा खोक्यांवरून कार्टून हटवले. तिथे टोनी वाघालाही जावे लागले. दुकानात अर्ध्या मिनिटात निर्णय घेणाऱ्या आईला ताऱ्यांपेक्षा असा सरळ इशारा जास्त उपयोगी आहे.

तोवर पाकीट उलटून पाहावे. '१०० ग्रॅममध्ये' हा रकाना वाचावा, 'एका वाढपात' हा नव्हे. ब्रिटनच्या रंगीत लेबलाची फूटपट्टी सोपी आहे: १०० ग्रॅममध्ये साखर २२.५ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर लाल, ५ ग्रॅम किंवा कमी असेल तर हिरवा. घटकांत मध किंवा ग्लुकोज सिरप दिसले, तर तीही साखरच समजावी. घरात गोड सीरिअल असेलच, तर ते साध्या ओट्समध्ये किंवा साध्या फ्लेक्समध्ये मूठभर मिसळावे आणि वर केळे चिरावे. चहा-बिस्किट हा त्याला पर्याय नाही, त्यातही साखर आणि मैदाच आहे. रात्री भिजवलेले मूग, आदल्या दिवशी मळलेले थालीपीठ किंवा उकडलेले अंडे सकाळी दहा मिनिटांत ताटात येते. बस तेवढा वेळ नक्की देते.