सातपुड्याच्या पाण्याला शीड हवे

मित्रमैत्रिणींनी मिळून शिडाची नौका भाड्याने घ्यायची आणि ग्रीसच्या नाहीतर क्रोएशियाच्या किनाऱ्याने आठवडाभर बेटाबेटांतून हिंडायचे, ही सहल आपल्यापर्यंत पोचते ती फोटोंतून, आणि फोटोंत पैसा तेवढा दिसतो. श्रीमंतांची हौस म्हणून आपण पुढे जातो. पण त्या आठवड्यात माणसे दिवसभर काय करतात ते जरा पाहावे. नौका चालवणाऱ्याने परवाना दाखवल्याशिवाय ती ताब्यात मिळत नाही. क्रोएशियात तर बिनतारी संदेशयंत्र वापरता येते याचा दाखलाही मागतात. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी वारा सुटतो आणि कधी कधी दिवसेंदिवस थांबत नाही. तेव्हा सकाळी हवामानाचा अंदाज ऐकायचा आणि निघायचे की बंदरातच बसायचे हे ठरवायचे. शीड किती आवळायचे, नांगर तळाला धरला की घसरतोय हे कोणी पाहायचे, रात्री वारा फिरला तर कोणी उठायचे, रांधायचे कोणी, ही वाटणी किनारा सोडण्याआधी झालेली असते. ताशी दहा-अकरा किलोमीटरचा वेग, त्यामुळे घाईला जागाच नाही. मैत्री कितीही जुनी असो, पाण्यावर शेवटचा शब्द तांडेलाचा. नौका पैशाने मिळते, ही शिस्त मात्र शिकावीच लागते. ती शिकायला समुद्रकाठी जन्मावे लागत नाही आणि नंदुरबार जिल्ह्याने ती आपल्या मुलांना शिकवावी, असे माझे ठाम मत आहे.

नंदुरबार आणि शिडाची नौका हे शब्द एकत्र ऐकून चमकणाऱ्यांनी जिल्ह्याचा नकाशा पुन्हा उघडावा. उत्तरेची हद्दच नर्मदा आहे. सरदार सरोवर धरणामागे दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीचा जलाशय पसरला आहे आणि त्यात अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतली तेहतीस गावे बाधित झाली. दक्षिणेला तापी आहे, तिच्यावर प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बंधारे आहेत, आणि गुजरातेतल्या उकाई धरणाचे पाणी नवापूरच्या बाजूला आत शिरलेले आहे. नर्मदाकाठच्या पाड्यांना होडी हाच रस्ता. दवाखानासुद्धा तिथे तरंगत येतो. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचे नाव २०२० साली देशभर झाले, ते याच पाण्यावर. टाळेबंदीत अंगणवाडीपर्यंत येऊ न शकणाऱ्या आदिवासी बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत त्या स्वतः होडी वल्हवत पोषण आहार घेऊन गेल्या. त्यांचे कौतुक सेवाभाव म्हणून झाले आणि ते योग्यच होते. पण त्यांच्या हातात एक कसबही होते. लांबचे अंतर, वारा, लाटा आणि स्वतःच्या अंगातली ताकद यांचा हिशेब रोज बरोबर करणे हे कसब आहे, आणि त्याची नोंद कोणी घेतली नाही.

समुद्राशिवाय दर्यावर्दी कसे घडतील, हा पहिला आक्षेप. याचे उत्तर शेजारच्या राज्यातच आहे. भोपाळच्या बड्या तलावावर शिडाच्या होड्यांची शाळा आहे. त्या शाळेत शिकलेली नेहा ठाकूर ही देवास जिल्ह्यातल्या अमलाताज गावच्या शेतकऱ्याची मुलगी. तिने २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत मुलींच्या आयएलसीए-४ या एकटीने चालवायच्या शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवले. देवासला समुद्र नाही, दक्षिण हद्दीला नर्मदा आहे, म्हणजे आपल्याच नदीची वरची बाजू. शीड सोडून वल्ह्यांकडे पाहिले तर दत्तू भोकनळ यांचे उदाहरण आहे. चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे दुष्काळी गाव, विहिरी खणण्याचे काम, मग सैन्यात भरती आणि तिथे पहिल्यांदा वल्हे हातात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकेरी नौकानयनात तेरावे आले. आणि ज्या शिडाच्या नौकेने भारताचे नाव जगाच्या फेरीत नेले, त्या म्हादेईचे नावच एका नदीचे आहे. ती गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, तशी करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१७ साली सहा महिला नौदल अधिकारी ज्या तारिणीवरून निघाल्या, तीही त्याच कारखान्यातली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्रिवेणी ही नौका तिन्ही सैन्यदलांतल्या महिला अधिकाऱ्यांना घेऊन मुंबईहून प्रदक्षिणेला निघाली, तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरूडकर यांच्याकडे होते. कोणत्या पाण्यावर पहिला धडा घेतला यावर पुढची मजल अवलंबून नसते. लहान मुलांना ज्या ऑप्टिमिस्ट होडीत शिकवतात ती जेमतेम सव्वादोन मीटर लांब असते. तिला महासागर लागत नाही, वारा आणि मोकळे पाणी पुरते.

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो हळूच बाजूला सारता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यातल्या भुषा इथे नर्मदेत प्रवाशांनी भरलेली बोट उलटली आणि माणसे बुडून मेली. बोटीत तिला झेपतील त्याहून फार जास्त लोक होते. जिथे रोजचा प्रवास असा जिवावर बेततो तिथे शिडाचे खेळ कसले, असे कोणी रागाने विचारले तर तो राग रास्त आहे. तरीही माझा आग्रह याच घटनेमुळे वाढतो. शिडाच्या होडीचे शिक्षण होडी उलटवण्यापासून सुरू होते. मुलाला लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरवतात, होडी मुद्दाम पालथी करतात आणि ती स्वतः सरळ करायला लावतात; सोबत बचावाची मोटरबोट उभी असते. जॅकेट नाही तर पाणी नाही, किती माणसे बसली याची मोजणी, वारा वाढला तर परत फिरणे, कुठे चाललो हे काठावरच्या माणसाला सांगून जाणे, हे नियम त्या मुलांच्या अंगवळणी पडतात. तीच मुले उद्या पाड्यावरची बोट चालवतील किंवा तिच्यात बसतील. गच्च भरलेल्या बोटीतून उतरून ‘एवढी माणसे घेऊन मी येणार नाही’ म्हणणारा एक पोरगा प्रत्येक पाड्यात असणे, हे नुसत्या सरकारी परिपत्रकाने साधणार नाही. अर्थात चांगल्या प्रवासी बोटी, पुरेशी जॅकेटे आणि तपासणी ही सरकारची जबाबदारी आहेच, आणि शिडाच्या शाळेचे निमित्त करून ती टाळता येणार नाही.

तिसरा आक्षेप या पाण्याच्या जन्माचा. तळाशी शेते आहेत, घरे आहेत, देव आहेत. सरदार सरोवराच्या बुडितातल्या मणिबेली गावापासून सुरू झालेला विस्थापनाचा लढा ज्यांनी अंगावर झेलला, त्यांच्यापुढे जलविहाराची भाषा करायला जीभ चाचरते. कुपोषणाने गाजणाऱ्या जिल्ह्यात ही चैन कशाला, हेही त्याला जोडून येते. पण हे पाणी आता उतरणार नाही, आणि ते कोणाच्या वापराचे राहणार हा प्रश्न उघडा आहे. उद्या बाहेरची एखादी कंपनी तंबू ठोकून, यांत्रिक बोटी आणून पर्यटन सुरू करील आणि बुडितातल्या घरांच्या मुलांना तिथे ताटे उचलायला ठेवील, ही शक्यता मला जास्त अस्वस्थ करते. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, त्या पाण्यावरचा पहिला हक्क त्यांचा, मासेमारीचाही आणि शिडाचाही. चैनीबद्दल म्हणाल, तर आदिवासी विकास विभागाच्याच ‘मिशन शौर्य’ मधून मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. चंद्रपुरात हिमालय नाही. नंदुरबारच्या आश्रमशाळांतल्या मुलांना मात्र पाणी घराच्या अंगणाशी आहे.

अडचणी खऱ्या आहेत. जलाशयाची पातळी उन्हाळ्यात खाली जाते, गाळ आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात, दऱ्यांतून वारा अचानक दिशा बदलतो. म्हणून सुरुवात नर्मदेवर करू नये. प्रकाशाला रस्ता आहे, तापीचे अडवलेले पाणी आहे, शहादा जवळ आहे. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, आठ-दहा छोट्या होड्या, एक बचावबोट आणि भोपाळहून आलेले किंवा सैन्यदलातून निवृत्त झालेले दोन प्रशिक्षक एवढ्यावर पहिली तुकडी शिकू शकते. प्रशिक्षणात पाड्यांवरचे जुने नावाडीही शिक्षक म्हणून हवेत, मानधनासह, कारण तळातला खडक कुठे आहे हे त्यांनाच ठाऊक आहे. पोहता येणे ही प्रवेशाची अट, आणि निम्म्या जागा मुलींना. नर्मदेवर जायची वेळ येईल तेव्हा घाट कुठे बांधायचा, होड्या कोणाच्या नावावर राहतील आणि बाहेरून येणाऱ्या पर्यटकाकडून मिळणारे भाडे कोणाच्या खात्यात जाईल, हे ठरवायचा अधिकार आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याखालच्या ग्रामसभांचा. त्यांनी नको म्हटले तर ती शाळा प्रकाशालाच राहील.