अडीअडचणीची बेगमी : थोड्या पैशांत, थोडी थोडी

पावसाळ्यापूर्वी घरात धान्याची बेगमी करावी, हे आपल्याकडे कोणास नव्याने शिकवावे लागत नाही. कोकणात आगोट जवळ आली की मीठ, मिरची, कडधान्ये, सुकी मासळी आणि जळण यांची तजवीज लागल्यावाचून गृहिणीस चैन पडत नसे. देशावर बळदे आणि कणग्या भरलेल्या असत. पापड, कुरडया, सांडगे यांची वाळवणे चैत्र-वैशाखातच उरकली जात. ही रीत अद्यापि सर्वस्वी लोपलेली नाही. परंतु ती जेथे टिकून आहे तेथे बहुधा बऱ्यापैकी जमीन आणि हाताशी थोडा पैसा असतो. ज्या घरी जमीन कोरडवाहू व बेताची, किंवा मुळीच नाही, त्या घरास 'बेगमी करा' असे नुसते सांगणे व्यर्थ आहे. ती कोणत्या महिन्यात, कोणत्या पैशांतून आणि कोणाच्या ताटातले न काढता करावयाची, हे सांगता आले तरच त्या उपदेशास काही अर्थ राहील.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, आता शिधावाटपाच्या दुकानात धान्य मिळते, मग घरी साठा कशाला? २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातील कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळू लागले. हा आधार मोठा आहे आणि त्यास कोणी कमी लेखू नये. तरीपण हिशेब करून पाहावा. पाच माणसांच्या कष्टकरी घरात दिवसाकाठी दोन किलो तरी धान्य शिजते, म्हणजे महिन्यास ६० किलो. प्राधान्य गटातील अशा घरास मिळणारे २५ किलो धान्य बारा-तेरा दिवसांचे झाले. डाळ, तेल, मीठ यांची तरतूद निराळी करावीच लागते. शिवाय ते धान्य दुकानापर्यंत रस्त्यानेच येते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडील अनेक गावांना पुराचा वेढा पडला. जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूणला तोच प्रसंग आला. मार्च २०२० मध्ये तर पाणीही आले नाही आणि पीकही बुडाले नाही, पण आठवड्याचे बाजार बंद झाले आणि मजुरीही त्याच दिवशी थांबली.

शासनाची मदत येत नाही असे मुळीच नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात कामे निघाली, सुकडी वाटली गेली, बाहेरून आणलेली तांबडी मिलो लोकांनी नाइलाजाने का होईना खाल्ली आणि जीव वाचले. परंतु संकट कोसळल्यापासून मदत दाराशी पोहोचेपर्यंत जे दिवस जातात, ते घरच्या साठ्यावरच काढावे लागतात. म्हणून लहान कुटुंबाने प्रथम वर्षभराची कणगी भरण्याचे मनात आणू नये. पंधरा दिवसांचा साठा हे पहिले उद्दिष्ट पुरे. वरील पाच माणसांच्या घरास त्यासाठी ३० किलो धान्य, सुमारे ४ किलो डाळ किंवा कडधान्य, दीड लिटर तेल, एक किलो मीठ आणि दोन किलो गूळ लागेल. एवढे जमल्यावर एका महिन्याचा विचार करावा.

रिकाम्या कणगीची खरी किंमत मात्र पुरात किंवा भूकंपात कळते त्याहून अधिक दरवर्षीच्या श्रावणात कळते. सुगीत देणी फेडण्यासाठी शेतकरी धान्य विकतो. त्या वेळी सर्वांचाच माल बाजारात आलेला असल्याने भाव पडलेले असतात. पुढे आषाढ-श्रावणात, शेतातील कामे जोरात आणि घरातील धान्य संपलेले अशा वेळी, तोच शेतकरी तेच धान्य चढ्या भावाने विकत घेतो, नाहीतर उसने आणतो. जुन्या काळी हे उसने वाढीदिढीने मिळे; एक पायली नेली तर दीड पायली परत करावी लागे. वाढीदिढीचे नाव आता क्वचित ऐकू येते, पण दुकानदाराच्या वहीत तिचा आत्मा सुखाने नांदत आहे. तेव्हा ज्याच्या शेतात चार गोण्या तरी ज्वारी, बाजरी किंवा भात पिकते त्याने बेगमीसाठी निराळा पैसा शोधण्याची गरजच नाही. बाजारात जाणाऱ्या गाडीवरून एक गोणी उतरवून ठेवणे, हीच त्याची बेगमी. ज्यांना जमीन नाही त्यांनी काढणीच्या दिवसांतील मजुरीचा काही भाग धान्याच्या रूपाने मागून घ्यावा. अजूनही काही भागांत ही रीत आहे, आणि ती मागासलेली समजून मोडण्याची घाई करू नये.

येथे एका प्रचलित सल्ल्याविषयी स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. स्वयंपाकास धान्य काढताना दरवेळी एक मूठ बाजूस टाकावी, असे महिलांच्या मेळाव्यांतून नेहमी सांगण्यात येते. सल्ला जुना आहे आणि गणिताने खराही आहे. एक मूठ सुमारे ५० ग्रॅमची धरली तर दोन वेळा मिळून १०० ग्रॅम आणि सहा महिन्यांत १८ किलो होतात. म्हणजे वरील कुटुंबाचे नऊ दिवसांचे धान्य. परंतु ही मूठ कोणाच्या ताटातून जाते, हेही पाहिले पाहिजे. आपल्या घरांतून बाई सर्वांच्या मागून जेवते. घरधन्याची भाकर कमी होत नाही, मुलांची ती होऊ देत नाही. मग उरते ती तिचीच. घरात गरोदर वा अंगावर पाजणारी स्त्री असेल तर अशी बचत ही बचत नसून उपासमार होय. माझे मत असे की, मूठ बाजूस टाकण्याचा नेम कार्तिकापासून चैत्रापर्यंत, घरात धान्य पुरेसे असतानाच पाळावा आणि वैशाखानंतर तो बंद ठेवावा. ज्या घरी बारा महिने पोटभर शिजत नाही तेथे हा सल्ला कार्यकर्त्यांनी देऊच नये. त्या घरास शिधापत्रिकेवरील पूर्ण धान्य मिळते की नाही, सर्व नावे पत्रिकेवर चढली आहेत की नाहीत, याची विचारपूस करणे अधिक उपकारक ठरेल.

रोख मजुरीवर चालणाऱ्या घरास पैशांच्या डब्याचा मार्ग सोयीचा पडतो. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पन्नास रुपये त्यात टाकले तर वर्षाचे २,६०० रुपये होतात. भाव ठिकठिकाणी निराळे असले तरी पंधरा दिवसांचा साठा बहुधा एवढ्यात उभा राहतो. मात्र तो डबा दर आठवड्यास रिता करून किलो-अर्धा किलो आणण्यापेक्षा सुगीची वाट पाहावी. बाजरी आश्विनात, भात कार्तिकात, तूर पौष-माघात, हरभरा व शाळू फाल्गुनाच्या सुमारास घेणे परवडते. तेही शक्य तर गावातीलच शेतकऱ्याकडून, खळ्यावरून. दोन-चार शेजारणींनी मिळून एक गोणी घेतली तर आणखी स्वस्त पडते. मीठ, काड्यापेट्या आणि गूळ या गोष्टी आरंभीच घेऊन ठेवाव्यात. त्यांना पैसे थोडे लागतात आणि त्यांच्यावाचून अडते फार.

साठ्यासाठी धान्य निवडताना शहरी चालीकडे पाहू नये. गव्हाचे पीठ किंवा बाजरीचे पीठ साठवून काही उपयोग नाही. बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडवट होते. दाणे साठवावेत आणि लागेल तसे दळावे. तांदळापेक्षा भात टिकतो. सर्वांत टिकाऊ नाचणी. तिचा दाणा बारीक असल्याने किडीचा उपद्रव फारच थोडा होतो आणि नीट वाळवलेली नाचणी वर्षानुवर्षे राहते. ज्या डोंगरी भागांत ती अजून पिकते तेथील लोकांनी तिला गरिबाचे धान्य म्हणून बाजूस सारावे, ही दुःखाची गोष्ट आहे. कडधान्यांत अख्ख्या मुगा-मटकीस भुंगेरे फार लवकर लागतात. डाळ करून ठेवल्यास हा त्रास पुष्कळच कमी होतो. पुराच्या पट्ट्यात चूल पेटविणेच अशक्य होते, म्हणून तेथे फुटाणे, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, भाजलेल्या धान्याचे पीठ असे न शिजविता खाता येणारे पदार्थ तीन दिवसांपुरते निराळे बांधून ठेवावेत. सोलापूरकडील कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांचा मान या बाबतीत मोठा आहे. बुरशी आलेले शेंगदाणे मात्र निवडूनही खाऊ नयेत व गुरांसही घालू नयेत. त्या बुरशीचे विष यकृतास घातक असते आणि ते भाजल्याने पुरते जात नाही.

आता साठवणीविषयी. गरिबाचे धान्य चोरापेक्षा ओल, कीड आणि उंदीर हेच अधिक नेतात, आणि तिघांत ओल ही मूळ. धान्यात शेकडा १२ आणि कडधान्यात शेकडा १० पेक्षा अधिक ओल नसावी. ही मोजण्याचे यंत्र घरी नसते, पण दात असतात. दाणा दाताखाली कडकन फुटला तर तो वाळला आहे. चिवटपणे दबला तर नाही. दुसरी सोपी परीक्षा अशी : कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य व थोडे चांगले वाळवलेले बारीक मीठ घालून काही मिनिटे हलवावे. मीठ काचेस चिकटून राहिले तर धान्य पुन्हा उन्हात घालावे. उन्हातून काढलेले धान्य गरम असतानाच कोठीत भरण्याची चूक फार होते. त्याने आत घाम धरतो आणि वरचा थर जाळी धरू लागतो. संध्याकाळी ते सावलीत पसरून निववावे आणि मगच भरावे. सडलेले तांदूळ कडक उन्हात घालू नयेत, ते तडकतात.

कोठी पत्र्याची असल्यास उत्तम. नसेल तर घट्ट झाकणाचे पिंप किंवा डबा चालतो. तो काठोकाठ भरावा, कारण आत हवा जितकी थोडी तितकी कीड थोडी. खताचे किंवा औषधाचे रिकामे पिंप कितीही धुतले तरी धान्यास वापरू नये. जुनी गोणपाटे उकळत्या पाण्यात बुडवून, वाळवून मग घ्यावीत. गोणी जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात दूर ठेवावी. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला धान्यात मिसळण्याची आपली रीत चांगलीच आहे, परंतु ओल्या धान्यास पाला तारू शकत नाही. कडधान्यास किलोमागे चमचाभर खाण्याचे तेल चोळले तर त्यावर भुंगेऱ्यांची वाढ चांगलीच रोखली जाते.

औषधांच्या बाबतीत मात्र आम्ही कठोरपणे सांगतो. पूर्वी घरगुती साठ्यात ई. डी. बी. च्या काचेच्या नळ्या फोडण्याची शिफारस शासकीय पत्रकांतूनच होत असे; त्या औषधावर २००१ मध्ये बंदी आली. कोठीत घालावयाच्या फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी देऊ केल्या तर त्या घरात आणूच नयेत. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. तसेच औषध लावलेले रंगीत बियाणे आणि खाण्याचे धान्य एका खोलीतसुद्धा ठेवू नये. टंचाईच्या दिवसांत घरातले कोणीतरी नकळत ते धुऊन शिजवावयाचे, ही भीती काल्पनिक नाही.

नदीकाठच्या गावांनी जागेचा विचार निराळा करावा. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या पुरात त्यांची फार हानी झाली. जमिनीखालची साठवण कोरड्या मुलखात कितीही गुणाची असली तरी पुराच्या पट्ट्यात धान्याची जागा माळ्यावरच, आणि तीही मागील पुराच्या खुणेच्या वर.

काही जण शंका घेतील की असा घरोघर साठा झाला तर ती साठेबाजीच नव्हे काय? नव्हे. सुगीत, मुबलक माल असताना घेतलेली एक गोणी बाजारास जाणवतही नाही. टंचाई निर्माण होते ती संकटाची वार्ता येताच दुकानावर पडणाऱ्या झुंबडीने. मार्च २०२० मध्ये ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी एका दिवसात पिशव्या भरल्या, आणि रोजच्या मजुरीवर रोजचा शिधा आणणारे रांगेच्या शेवटी राहिले. त्या रांगेत उभे राहावे लागू नये, एवढाच या साठ्याचा हेतू आहे.

साठा उभा राहिला तरी टिकतो की नाही, हे तो कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असते. त्याची किल्ली घरातील बाईकडे असावी. लग्नकार्य, जत्रा किंवा पाहुणचार यांसाठी त्यास हात लावू नये. आजारपणात मजुरी बुडाली, पाऊस लांबला, वाट बंद झाली तर जरूर लावावा, त्याचसाठी तो आहे. काढलेले पुढील सुगीत भरून ठेवावे. डब्यावर गेरूने महिना लिहावा, जुने आधी खावे आणि नव्याने त्याची जागा भरावी.

गावपातळीवर काम करणाऱ्या बंधुभगिनींना एक विनंती आहे. 'कोणाकडे किती साठा आहे' असे ग्रामसभेत विचारू नये. ज्याची कणगी भरली आहे तो लपवील आणि ज्याची रिकामी आहे तो लाजेल. माघात खळी सुरू असताना घरी जावे, दाणा चावून पाहावा, डब्याचे झाकण घट्ट बसते का ते पाहावे, आणि भाद्रपदात पुन्हा एक फेरी घालावी.