लाडक्या नायकाची सक्ती

अमेरिकी अभिनेते डॅब्नी कोलमन मे २०२४ मध्ये वयाच्या ९२व्या वर्षी निवर्तले. ‘नाइन टू फाइव्ह’ या १९८० च्या चित्रपटातील हाताखालच्या स्त्रियांना छळणारा कार्यालयप्रमुख, ‘टुट्सी’मधील उद्दाम दिग्दर्शक अशा त्यांच्या भूमिका रसिकांच्या स्मरणात आहेत. परंतु त्यांच्या अभिनयाचा खरा कळस पाहायचा असेल, तर ‘बफेलो बिल’ या दूरचित्रवाणी मालिकेकडे वळले पाहिजे. एनबीसी वाहिनीवर जून १९८३ मध्ये ती सुरू झाली आणि एप्रिल १९८४ मध्ये गुंडाळली गेली. अवघे २६ भाग. या मालिकेच्या अपयशाचे एक ठरीव निदान आजही सांगितले जाते : नायक अप्रिय होता, लोकांना तो घरात नको होता, सबब मालिका पडली. हे निदान अर्धसत्य आहे, आणि मनोरंजनाच्या व्यवसायात या अर्धसत्याने जेवढी हानी केली तेवढी निखळ असत्यानेही केली नसेल.

प्रथम मालिकेविषयी. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठी बफेलो हे शहर आहे. एके काळी पोलादामुळे भरभराटलेले. मालिका सुरू झाली त्याच वर्षी त्याच्या शेजारच्या लॅकावॉना येथील बेथलेहेम स्टील कंपनीच्या अवाढव्य कारखान्यातील बहुतेक भट्ट्या थंडावल्या. अशा उतरणीला लागलेल्या शहरातील एका लहानशा काल्पनिक केंद्रावर बिल बिटिंजर हा गृहस्थ मुलाखतींचा कार्यक्रम करतो. आपली योग्यता फार मोठ्या शहराची असून नशिबाने आपल्याला येथे डांबले आहे, अशी त्याची पक्की समजूत. प्रकाशझोत पडला की हा मनुष्य मधाळ. कॅमेरा बंद झाला की कपटी, स्त्रीलंपट, भित्रा आणि खोटारडा. यश आले तर ते त्याचे, फजिती झाली तर ती सहकाऱ्यांची. केंद्राचा व्यवस्थापक कार्ल त्याच्यापुढे थरथरतो. वुडी नावाचा साधाभोळा मदतनीस त्याला थोर मानतो. रंगभूषाकार न्यूडेल मात्र त्याला ओळखून आहे आणि त्याला काडीइतकाही भीत नाही. दिग्दर्शिका जो जो त्याची प्रेयसी. तिला त्याचे सगळे अवगुण ठाऊक आहेत आणि तरी ती गुंतलेली आहे. ही भूमिका करणाऱ्या जोआना कॅसिडी यांना गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेच्या एमी पुरस्कारासाठी १९८३ आणि १९८४ अशी दोन्ही वर्षे ‘बफेलो बिल’ला नामांकन होते. तेव्हा मालिका सुमार होती म्हणून गेली, असे कोणी म्हणू शकणार नाही.

टॉम पॅचेट आणि जे टार्सिस या तिच्या निर्मात्यांनी एक पथ्य कसोशीने पाळले. बिलला त्यांनी कधी पावन करून घेतले नाही. अमेरिकी विनोदी मालिकांचा ठरलेला साचा असा की, वीस मिनिटे नायकाने वाटेल तो दुष्टपणा करावा, अखेरच्या दोन मिनिटांत त्याचे डोळे पाणवावेत, कोणीतरी त्याला मिठी मारावी आणि प्रेक्षकाने समाधानाने झोपायला जावे. बिलच्या बाबतीत पाणी आले तरी ते नक्राश्रूच असायचे. एखादे सत्कृत्य हातून घडलेच, तर त्यामागचा स्वार्थ पुढच्याच प्रसंगात उघडा पडायचा.

आता आकड्यांकडे वळू. त्या काळी अमेरिकेत दूरचित्रवाणी असलेली घरे आठ कोटींहून अधिक होती आणि नील्सन कंपनीची मोजणीयंत्रे सुमारे १,७०० घरांत बसवलेली होती. त्या नमुन्यावरून राष्ट्राची आवडनिवड ठरत असे. ‘बफेलो बिल’चे आकडे बेताचे होते, हे मान्य. पण त्याच एनबीसीवर सप्टेंबर १९८२ मध्ये ‘चिअर्स’ सुरू झाली होती आणि पहिल्या हंगामात प्रेक्षकसंख्येच्या क्रमवारीत ती जवळजवळ तळाशी होती. वाहिनीचे प्रमुख ग्रँट टिंकर आणि मनोरंजन विभागाचे ब्रँडन टार्टिकॉफ यांनी तिला धीर दिला, वेळ दिला. ती अकरा हंगाम चालली. मग हा धीर बफेलोच्या वाट्याला का आला नाही? ‘चिअर्स’मधील मद्यालयात बसणारी माणसे लाघवी होती, त्यांच्याविषयी आशा बाळगता येत होती. बिलविषयी तशी आशा कोणाला वाटली नसावी. म्हणजे निर्णय केवळ आकड्यांनी घेतला असे म्हणता येत नाही. आकडा दोघांचाही कमीच होता. एकाला मुदत मिळाली, दुसऱ्याला निरोप. पुढे टार्टिकॉफ यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात ही मालिका बंद करणे ही आपल्या कारकिर्दीतील मोठी चूक होती, असे स्वतःच कबूल केले. कबुलीचे मोल आहेच. मालिका मात्र परत आली नाही.

येथे कोणी सुजाण वाचक विचारील की, दुर्जनाला रोज रात्री घराघरांत आणून बसवणे हे तरी कोठले शहाणपण? मुलाबाळांसमोर असला नायक कशासाठी? आक्षेप रास्त आहे आणि त्याला पुरावाही आहे. सीबीएस वाहिनीवर १९७१ पासून ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका चालू होती. तिचा नायक आर्ची बंकर वर्णद्वेष्टा. त्याच्या द्वेषाची टर उडवणे हा निर्मात्यांचा हेतू. परंतु नील विडमर आणि मिल्टन रोकीच या संशोधकांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की, जे प्रेक्षक मुळात पूर्वग्रहदूषित होते ते आर्चीला हसत नव्हते, आर्चीबरोबर हसत होते. त्यांना तो आपला माणूस वाटत होता.

मात्र या पुराव्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. आर्ची उलटला तो अप्रिय होता म्हणून का? छे! तो लाडका होता म्हणून उलटला. त्याच्या खुर्चीला, त्याच्या कुरकुरीला, त्याच्या बायकोवरच्या मायेला एक ऊब होती. त्या उबेबरोबर त्याचा द्वेषही गोड लागू लागला. बिलला ती ऊब नाकारली होती. त्याच्यासारखे व्हावे असे त्या २६ भागांत कोणाला वाटेल असा एकही प्रसंग नाही. दुर्गुणाला दुर्गुण म्हणून दाखवणे धोक्याचे नसते. त्याला साखरेत घोळून दाखवणे धोक्याचे असते. फ्रान्समध्ये मोलिएरच्या ‘तार्त्युफ’ या दांभिकाच्या नाटकावर १६६४ मध्ये बंदी आली आणि ती १६६९ मध्ये उठली. ते नाटक छापताना मोलिएरने प्रस्तावनेत मांडलेला मुद्दा हाच होता : माणसे वाईट ठरायला तयार असतात, हास्यास्पद ठरायला नसतात, म्हणूनच दुर्गुणांवर हास्याचा मारा अधिक लागू पडतो. आपल्याकडे भरतमुनींच्या परंपरेत प्रहसन या रूपकप्रकाराला मानाचे स्थान आहे. सातव्या शतकात पल्लव राजा महेंद्रवर्म्याने लिहिलेल्या ‘मत्तविलास’मध्ये मद्यधुंद कापालिक केंद्रस्थानी आहे, त्याचे हरवलेले कपाल त्याला शेवटी परत मिळते, उपरती मात्र होत नाही. राजाने ती त्याच्यावर लादली नाही आणि प्रेक्षकानेही मागितली नसावी.

जानेवारी १९८४ मधील दोन भागांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. जो जो गरोदर राहते आणि गर्भपाताचा निर्णय घेते. त्या निर्णयाशी सहमत न होणारे कित्येक असतील. प्रस्तुत लेखकाचे मनही त्याला सहज होकार देत नाही. परंतु अमेरिकी दूरचित्रवाणीवर अशा प्रसंगी एक पळवाट राजरोस वापरली जाई : शेवटच्या क्षणी गर्भ आपोआप पडे किंवा चाचणीच चुकीची ठरे, आणि कोणालाच कशाचा जाब द्यावा लागत नसे. ‘मॉड’ या मालिकेने १९७२ मध्ये ती पळवाट नाकारली होती, ‘बफेलो बिल’नेही नाकारली. बिलसारख्या माणसाबरोबरच्या संबंधाची किंमत कोणाला, किती मोजावी लागते हे त्या भागांत दिसते. ज्यांना या विषयावर चिंता वाटते, त्यांनी तर हे भाग आवर्जून पाहावेत. पळवाटेत चिंता विरघळून जाते. येथे ती उरते.

आणि लाडक्या नायकांचे काय झाले? ‘बफेलो बिल’ला निरोप दिल्यानंतर पाच महिन्यांनी, सप्टेंबर १९८४ मध्ये, एनबीसीवर ‘द कॉस्बी शो’ अवतरला. प्रेमळ, मिश्किल, संस्कारी पिता डॉ. हक्स्टेबल. या एका मालिकेने वाहिनी वर काढली आणि आदर्श कुटुंबवत्सलतेचा नमुना म्हणून बिल कॉस्बी यांना जणू देशाचे पितृत्व बहाल झाले. पुढे पन्नासहून अधिक स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, पूर्वीच्या सरकारी वकिलाने दिलेल्या आश्वासनाच्या कारणावरून, ती शिक्षा रद्द केली. कायदेशीर निवाडा काहीही असो, पडद्यावरच्या लाघवाला चारित्र्याचा दाखला मानणाऱ्यांची त्यात जी फसगत झाली ती झालीच. बिल बिटिंजरने निदान कोणाला फसवले नाही.

‘बफेलो बिल’च्या कर्त्यांची पुढची वाटचाल पाहण्यासारखी आहे. पॅचेट यांनी १९८६ मध्ये पॉल फुस्को यांच्यासह ‘आल्फ’ ही मालिका त्याच एनबीसीला दिली. तिचा नायक परग्रहावरून आलेला केसाळ प्राणी, म्हणजे एक बाहुली. त्याला घरात ठेवून घेणाऱ्या गृहस्थाच्या भूमिकेत मॅक्स राइट होते, म्हणजे ‘बफेलो बिल’मध्ये बिलपुढे थरथरणारा तोच व्यवस्थापक कार्ल. आल्फही उद्धट होता, खादाड होता, यजमानांच्या मांजरावर डोळा ठेवून होता. पण तो मऊ होता, कुशीत घेता येत होता, त्याची खेळणी विकता येत होती. ती मालिका चार हंगाम चालली.

कोलमन यांनी मात्र आपले व्रत सोडले नाही. टार्सिस यांच्याबरोबर त्यांनी १९८७ मध्ये एबीसीवर ‘द स्लॅप मॅक्सवेल स्टोरी’ केली. नायक एक भांडखोर क्रीडापत्रकार. त्यासाठी त्यांना गोल्डन ग्लोब मिळाला आणि एका हंगामात मालिका बंद झाली. १९९१ मध्ये फॉक्सवर ‘ड्रेक्सेल्स क्लास’मध्ये ते विद्यार्थ्यांचा तिटकारा करणारे शिक्षक झाले, पुन्हा एकच हंगाम. अखेर १९९४ मध्ये खुद्द एनबीसीने त्यांना ‘मॅडमन ऑफ द पीपल’मध्ये बोलावले आणि गुरुवारी रात्री ‘साइनफेल्ड’च्या पाठोपाठची मोक्याची वेळ दिली. ‘साइनफेल्ड’मधली चारही माणसे स्वार्थी, कोतीही, कोणी कोणाला मिठी मारीत नाही, कोणी काही शिकत नाही. दहा वर्षांपूर्वी जे घरात नको म्हटले गेले, ते आता सर्वांत लोकप्रिय ठरले होते. कोलमन यांच्या नव्या मालिकेलाही भरपूर प्रेक्षक होते. फक्त ते ‘साइनफेल्ड’पेक्षा कमी होते. वाहिनीने तीही एका हंगामात बंद केली.