संगणकाचे पहिले दार

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीची एखादी पेढी डोळ्यांसमोर आणावी. मार्चचा महिना, आवक जोरात. सकाळी दिवाणजी संगणक सुरू करतात. आज तो उघडायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागतो. अखेर टॅली उघडते, आणि खतावणी लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात येऊन थांबलेली दिसते. त्यापुढे सारे कोरे. विक्री नाही, अडत नाही, हमाली-तोलाई नाही, कोणाकडून किती येणे याचा मागमूस नाही. आणि उद्या ११ तारीख, जीएसटीआर-१ भरण्याचा शेवटचा दिवस.

दिवाणजी अनुभवी माणूस. ते न बोलता बिलबुके काढतात आणि नोव्हेंबरपासूनच्या पावत्या पुन्हा चढवायला बसतात. इकडे मालक दुरुस्तीवाल्याला फोन लावतात. तिकडून धीर मिळतो, "व्हायरस असणार, शेठ. संध्याकाळी येऊन फॉरमॅट मारून देतो."

हे दोन्ही उपाय रोगापेक्षा भयंकर आहेत. कारण खतावणी कुठेही गेलेली नाही. ती त्याच डब्यात, वीतभर अंतरावर, सुखरूप आहे. संगणकाने आज चुकीचे दार उघडले आहे, एवढेच.

घडले ते असे. दिवाळीत या संगणकात नवी एनव्हीएमई एसएसडी बसवली होती. विंडोज नव्याने घातली, टॅलीचा सारा डेटा तिच्यावर आणला. जुनी एक टीबीची हार्ड डिस्क मात्र आतच राहिली. "असू द्या शेठ, कधी लागली तर," असे बसवणारा म्हणाला, आणि ते कोणालाही पटण्यासारखेच होते. पण त्या जुन्या डिस्कवर जुनी विंडोज आणि त्या दिवसापर्यंतची टॅली जशीच्या तशी होती. म्हणजे एका पेटीत दोन पूर्ण संसार नांदू लागले. दोहोंपैकी कोणता उघडायचा, हे ठरवते ती बूट ऑर्डर.

वीज आल्यावर संगणक आधी मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमधील प्रोग्राम चालवतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, आता यूईएफआय म्हणतात. हा प्रोग्राम स्मृती, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का पाहतो आणि मग ठरलेल्या क्रमाने एकेका डिस्कचे दार ठोठावतो. जिथून पहिले उत्तर मिळेल, तिथे तो शिरतो. आत नवी वही आहे की जुनी, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. जुन्या पद्धतीत तो डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांचा कप्पा वाचतो. नव्या पद्धतीत डिस्कवर राखून ठेवलेल्या एका छोट्या विभागातील फाइल शोधतो. एकाच यंत्रात एक डिस्क जुन्या पद्धतीने आणि दुसरी नव्या पद्धतीने मांडलेली असू शकते. मिश्र डिस्कांच्या यंत्रातील निम्मा गोंधळ तिथूनच निघतो.

डिस्कांच्या जातीही निरनिराळ्या. रुंद पट्टीसारख्या केबलची आयडीई आता भंगारातच दिसते. सडपातळ केबलची साटा २००३ पासून आली. फिरणारी हार्ड डिस्क आणि पहिल्या पिढीतील एसएसडी याच केबलवर चालतात. एनव्हीएमई तर च्युइंगगमच्या पट्टीएवढी, थेट मदरबोर्डवर खोचली जाणारी. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत वाचते, एनव्हीएमई त्याच्या कित्येक पट. वेगातील हा फरक डोळ्यांना जाणवतो, आणि म्हणूनच सकाळी संगणकाला लागलेला वेळ हा पहिला पुरावा होता.

मग पाच महिने नीट चाललेला क्रम एका रात्रीत कसा बदलला? मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. घड्याळ आणि अनेक बोर्डांवरील मांडणी तो जपतो. भिंतीतून वीज मिळत असते तोवर त्याच्यावर भार नसतो. पण पेढी वाढवताना मेन स्विच खाली करण्याची आपल्याकडे शिस्त आहे. शिस्त उत्तमच, पण त्यामुळे रात्रभर सारा भार त्या सेलवर पडतो. काही वर्षांनी तो मरतो, मांडणी कारखान्यातून आली तशी होते, आणि पुष्कळ बोर्डांवर साटावरची जुनी डिस्क पुन्हा पहिल्या पाटावर बसते. या पेढीत पुतण्याने नेमके तेच पाहिले. "काका, आधी घड्याळ बघा," तो म्हणाला. पडद्याच्या कोपऱ्यात भलतेच साल होते.

दुसरी खूण आणखी पक्की. सी ड्राइव्हची क्षमता पाहावी. ५१२ जीबीची नवी एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते आणि एक टीबीची डिस्क सुमारे ९३१ जीबी. (कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या, व्यापाऱ्याला हा मापातला फरक नवा नसावा.) डिस्कचे विभाग पाडलेले असतील तर आकडे लहान दिसतील, पण कोणत्या डिस्कवर आपण उभे आहोत, ते तरीही ओळखता येते. या पेढीत सी ड्राइव्ह ९३१ जीबीची होती. नवी डिस्क ई हे अक्षर घेऊन मुकाट्याने खाली बसलेली होती, आणि तिच्या पोटात काल संध्याकाळपर्यंतची खतावणी होती.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करून नवी बसवली असेल तर मात्र ती अशी दिसेलच असे नाही. दोन डिस्कांची ओळखखूण एकच असली की विंडोज त्यांतील एकीला ऑफलाइन ठेवते. तेव्हा "नवी डिस्क दिसतच नाही, जळाली" असा निष्कर्ष काढू नये. आणि डिस्क इनिशियलाइज करायची का, फॉरमॅट करायची का, असे पडद्यावर विचारले गेले तर उत्तर एकच: नाही.

यानंतरचे काम दहा मिनिटांचे. नोंदी थांबवून संगणक रीतसर बंद करावा. पुन्हा सुरू करताना बूट मेनूची कळ दाबावी; डेल आणि बहुतेक लेनोवो यंत्रांवर ती एफ १२, एचपीवर एफ ९. समोर आलेल्या यादीतून नवी डिस्क निवडावी. ही निवड त्या एका वेळेपुरतीच असते, म्हणून ती निर्धास्तपणे करून पाहता येते. कालची खतावणी दिसली की निदान पक्के झाले. मग सेल बदलावा, वेळ लावावी आणि बायोसच्या मांडणीत शिरून क्रम कायमचा दुरुस्त करावा.

इथे पुष्कळांना एक गोष्ट चकवते. अनेक मदरबोर्डांवर एक यादी नसून दोन असतात. मुख्य यादीत सीडी, पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क अशा जाती दिसतात, आणि हार्ड डिस्कच्या जातीतून फक्त एकच प्रतिनिधी. दुसरी डिस्क त्या यादीत शोधून सापडत नाही. तिचा क्रम हार्ड डिस्क प्रायॉरिटी अशा नावाच्या वेगळ्या पानावर असतो. तिथे तिला वर आणले की मग ती मुख्य यादीत उगवते. तिथेही ती नसेल तर मदरबोर्डची पुस्तिका काढावी. कित्येक बोर्डांवर एम.२ खाचेत पट्टी बसवताच साटाची एक-दोन ठिकाणे आपोआप बंद होतात, आणि कोणती ते तिथल्या तक्त्यात छापलेले असते. त्याच पानांवर एएचसीआय, रेड असे पर्याय भेटतात. त्यांना हात लावू नये. विंडोज घातल्यावर ते बदलले तर सुरू होणारे यंत्रही निळा पडदा दाखवून बसते.

बिटलॉकरचे कुलूप असेल तर बायोसमध्ये शिरण्याआधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असावी. मांडणी बदलल्यावर यंत्र ती मागू शकते, आणि ती नसेल तर तो डेटा कोणीही उघडू शकत नाही.

आता दिवाणजींनी दुपारपर्यंत पुन्हा चढवलेल्या साठेक पावत्या. त्या जुन्या डिस्कवर लिहिल्या गेल्या. नव्यावर त्या आधीपासूनच आहेत. त्या सोडून द्याव्यात. खरे संकट येते ते कोणाच्या लक्षात न येता यंत्र चार-आठ दिवस चुकीच्या डिस्कवर चालले तर. मग सोमवारची उधारी एका वहीत आणि मंगळवारची वसुली दुसऱ्या वहीत. अशा वेळी दोन्ही डिस्कांची आधी प्रत काढावी, आणि तेवढ्याच तारखांची व्हाउचरे टॅलीतून एक्स्पोर्ट करून चालू खात्यात आणावीत. जीएसटी कायद्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. त्यांत दुभंगलेला एक आठवडा पुढे कोणत्या तपासणीत समोर येईल, सांगता येत नाही.

जुनी डिस्क आतून काढावी हे ओघानेच आले. पण तिथेही एक सापळा आहे. जुनी डिस्क जोडलेली असताना नवीवर विंडोज घातली, तर इन्स्टॉलर पुष्कळदा सुरुवातीची फाइल जुन्या डिस्कवरच ठेवतो. घर नव्या वाड्यात, किल्ली जुन्या वाड्याच्या कोनाड्यात. जुनी डिस्क काढताच पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' उमटते, आणि पुन्हा तोच सल्ला मिळतो: फॉरमॅट. तसे झाले तर जुनी डिस्क परत जोडावी, यंत्र सुरू होईल. मग डेटाची प्रत काढून जाणकाराकडून नव्या डिस्कवर छोटा विभाग पाडून घ्यावा आणि विंडोजमधील बीसीडीबूट या आज्ञेने सुरुवातीच्या फाइली तिथे आणवाव्यात. नवी विंडोज घालतानाच जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली असती तर हे काम पडलेच नसते.

त्या पेढीतली जुनी डिस्क आता यूएसबीच्या डबीत, तिजोरीत आहे. दर शनिवारी पेढी वाढवण्याआधी पुतण्या ती जोडतो, आठवड्याची प्रत घेतो आणि काढून ठेवतो. विवरणपत्र ११ तारखेला दुपारी चारला भरले गेले.