टॉवर कुणाचाही असो, फोन लागला पाहिजे!

मंडळी, गेल्या रविवारी आम्ही चौघं सायकलवर नान्नजकडं गेलो होतो. माळढोक दिसणं आता नशिबाची गोष्ट, पण माळ तर आहे! बार्शी रस्ता सोडून आत शिरलो आणि खडीवरून एकजण घसरला. हात उचलेना. चौघांची सिमं एकाच कंपनीची, चारी फोनवर रेंज गायब. शेवटी वस्तीवरच्या एका काकांनी त्यांचा बटणाचा फोन दिला. त्यांची कंपनी वेगळी. कॉल लगेच लागला.

म्हणजे सिग्नल होता, फक्त आमच्यासाठी नव्हता!

चूक आमचीही झाली. घाबरून 112 कुणाला आठवलाच नाही. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी हा नंबर दुसऱ्याच्या टॉवरवरून लागू शकतो. पण घरी कळवायचं, गाडी बोलवायची, तर साधा कॉलच लागतो ना?

जानेवारी 2025 मध्ये केंद्रानं ‘इंट्रा सर्कल रोमिंग’ सुरू केलं. डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या टॉवरवर दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकालाही 4जी मिळावं, ही ती सोय. देशभरात असे सुमारे 27 हजार टॉवर. चांगलंच आहे. माझा प्रश्न एवढाच, फक्त तिथंच का? जिथं एकाच कंपनीची रेंज आहे, तिथं खासगी टॉवरवरही निदान कॉल आणि एसएमएस सगळ्यांना खुले करा.

कंपन्या म्हणतील, खर्च आमचा, फायदा दुसऱ्याला का? अहो, एका बँकेचं कार्ड दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये चालतंच की! हिशोब बँका आपसात करतात. तसंच करा.

आणि हा काही आम्हा सायकलवाल्यांचा हट्ट नाही. ई-पीक पाहणी मोबाइलवर, रेशनच्या मशीनला नेटवर्क पाहिजे, रात्री-अपरात्री बाळंतपणासाठी 108 लावायचा तर रेंज पाहिजे. आम्ही तासाभरात शहरात परततो, वस्तीवरचा माणूस तिथंच राहतो.

तोवर ग्रुपमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा, नकाशा आधीच डाउनलोड करा (जीपीएसला रेंज लागत नाही) आणि घरी रस्ता सांगून निघा.

तुमच्याकडं रेंज कुठं जाते? गाव, तालुका आणि कंपनी कमेंटमध्ये लिहा. यादी करून जिल्हाधिकारी कार्यालयात देऊ. नुसतं ‘रेंज नाही’ म्हणून भागणार नाही, जागा दाखवावी लागेल.