बावन्न पायऱ्यांच्या खाली

भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीला येणाऱ्यांत म्हातारी माणसं पुष्कळ असतात. अकलोली-गणेशपुरीच्या गरम कुंडांत दुखरे सांधे मोकळे होतात, ही त्यांची जुनी श्रद्धा. १७३९ साली वसई सर झाली आणि चिमाजीअप्पांच्या नवसाचं वज्रेश्वरी देवीचं देऊळ इथल्या टेकडीवर उभं राहिलं. वर जायला ५२ दगडी पायऱ्या. गुडघ्यांनी बेजार झालेली आजी पहिल्या पायरीला हात लावते, तो कपाळी टेकवते आणि ओटीचं ताट सुनेच्या हाती देऊन खालीच बसते. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ही मोठीच सोय. पण प्रवास तिकिटावर संपत नाही. गाडीची उंच पायरी, कुंडाचा निसरडा काठ, चाकाची खुर्ची आत जाणार नाही असं स्वच्छतागृह, इथे माणूस अडतो. सुगमता ही मेहेरबानी नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तो हक्कच दिला आहे. फूटभर उंची चढायला बारा फुटांचा सौम्य उतार, पाण्यापाशी धरायला कठडा, वाटेत टेकायला बाक, एवढं प्रत्येक तीर्थस्थळाच्या आराखड्यात पहिल्याच पानावर असायला हवं. आजीची ओटी आजीच्याच हातांनी भरली जायला हवी.